संगणकांतील हरवलेली फाइल

घरांतील बहुतेक यंत्रें बिघडण्यापूर्वीं कांहीं ना कांहीं इशारा देतात. पंखा कुरकुरूं लागतो, शिवणयंत्राचा दोरा वारंवार तुटतो, घड्याळ मागें पडतें. संगणकाची रीत निराळी आहे. काल रात्रीं व्यवस्थित चालत असलेला संगणक आज सकाळीं काळ्या पडद्यावर एक ओळ लिहितो, कीं अमुक नांवाची फाइल सांपडत नाहीं, आणि तेवढें सांगून स्वस्थ बसतो. ती फाइल घरांतील कोणीं निर्माण केलेली नसते. तिचें नांवहि कोणीं पूर्वीं ऐकलेलें नसतें. तरीहि मुलांचा अभ्यास, घरखर्चाचे हिशेब, परदेशीं गेलेल्या नातलगांचीं पत्रें आणि पंधरा-वीस वर्षांचीं छायाचित्रें हें सर्व त्या एका ओळीमागें अडकून पडतें.

अशा वेळीं घरांत जी धांदल उडते तिच्यांत बहुधा दोन चुकांपैकीं एक घडते. कोणी त्या नांवाची फाइल इंटरनेटवर मिळेल तेथून उचलून आणतो. किंवा कोणी जाणता म्हणविणारा स्नेही सल्ला देतो, कीं डिस्क साफ पुसून सर्व कांहीं नव्यानें भरावें, आणि तो सल्ला घाईनें अमलांत येतो. पहिल्या चुकीनें घरांत चोर शिरण्याचा संभव असतो, दुसरीनें घरची ठेव नाहींशी होते. वस्तुतः हरवलेल्या सिस्टिम फाइलीच्या हुबेहूब प्रती जगांतील कोट्यवधी यंत्रांवर असतात, आणि ती विश्वासाच्या ठिकाणाहून परत आणण्याची सोय प्रणालींतच केलेली असते. घरच्या छायाचित्रांची प्रत मात्र पुष्कळदां एकच असते. दुरुस्तीचा सारा विवेक या भेदांत आहे. जें कोठेंहि मिळतें त्यासाठीं, जें पुन्हां कोठेंहि मिळणार नाहीं तें पणाला लावूं नये.

प्रथम सिस्टिम फाइल म्हणजे काय, तें पाहणें अवश्य आहे. संगणकाच्या डिस्कवरील फाइलींचे ढोबळ मानानें तीन वर्ग करतां येतात. पहिला वर्ग घरच्या माणसांनीं निर्माण केलेल्या फाइलींचा. पत्रें, हिशेब, छायाचित्रें, ध्वनिमुद्रणें त्यांत येतात. दुसरा वर्ग निरनिराळ्या कामांसाठीं आणलेल्या प्रोग्रामांचा. लेखनाचा, जमाखर्चाचा, खेळांचा. तिसरा वर्ग या दोहोंच्या खालीं पायासारखा असतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणाऱ्या प्रणालीचा होय. कळफलकावरील कोणती कळ दाबली गेली, पडद्यावर अक्षर कोठें उमटवावयाचें, डिस्कच्या कोणत्या भागांत काय ठेवलें आहे, ही सर्व व्यवस्था तिच्याकडे असते. आणि ती स्वतःहि हजारों फाइलींची बनलेली असते. त्याच सिस्टिम फाइली. घरगुती संगणकांवर बहुतेक ठिकाणीं मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली आढळत असल्यानें पुढील विवेचन तिला धरून केलें आहे.

या फाइलींपैकीं पुष्कळांच्या नांवाच्या शेवटीं डीएलएल हीं तीन अक्षरें असतात. पूर्वीं मोठ्या वाड्यांत लग्नकार्यासाठीं लागणारीं पातेलीं, पराती आणि सतरंज्या सामाईक ठेवीत. प्रत्येक बिऱ्हाडानें त्या स्वतंत्र विकत घेण्याचें कारण नसे. डीएलएल ही तशीच सामाईक सामग्री होय. पडद्यावर चौकट उघडणें, फाइल जतन करण्याचा प्रश्न विचारणें, छपाईचें यंत्र हुडकणें, अशीं जीं कामें अनेक प्रोग्रामांना सारखींच करावीं लागतात, त्यांच्या सूचना एकदांच लिहून अशा फाइलींत ठेवलेल्या असतात आणि जो तो प्रोग्राम गरजेप्रमाणें त्यांचा उपयोग करतो. यायोगें जागा वांचते आणि एके ठिकाणीं केलेली सुधारणा सर्वांना लाभते. परंतु सामाईक पातेलें नाहींसें झालें म्हणजे एकाच बिऱ्हाडाचें नव्हे, साऱ्या वाड्याचें कार्य खोळंबतें. एका फाइलीच्या अभावीं चार-पांच असंबद्ध दिसणारे प्रोग्राम एकाच दिवशीं बंद कां पडतात, याचें उत्तर येथें आहे.

दुसऱ्या कांहीं फाइली यंत्र जागें होत असतांनाच लागतात. विजेची कळ दाबल्यावर यंत्रांतील एका चिपेंत कायम ठेवलेला लहानसा प्रोग्राम प्रथम चालूं लागतो. तो डिस्कवरील आरंभाची फाइल हुडकून तिच्या हातीं कारभार देतो. ती विंडोजच्या गाभ्याला हांक मारते. आणि गाभा पुढें इतर सर्वांस कामाला लावतो. या सांखळींतील आरंभींचा दुवा तुटला तर पडदा काळा राहतो. दुवा पुढचा असेल तर विंडोज उघडते, पण एखादें काम होत नाहीं. म्हणून निरोप कोणत्या टप्प्यावर आला, हें लक्षांत ठेवणें हें निदानाचें पहिलें पाऊल होय. निरोपांतील फाइलीचें नांव अक्षरशः कागदावर उतरून घ्यावें, किंवा फोननें पडद्याचें छायाचित्र काढून ठेवावें. स्मरणावर विसंबूं नये.

फाइल हरवते ती कशी? प्रणालींत सुधारणा भरल्या जात असतांना वीज गेली तर जुनी फाइल निघून गेलेली आणि नवी अर्धवट लिहिलेली, अशी स्थिति होऊं शकते. डिस्क जीर्ण झाली म्हणजे तिचे कांहीं भाग वाचतां येईनासे होतात, आणि त्या भागांत असलेली फाइल असून नसल्यासारखी होते. व्हायरस, म्हणजे यंत्राला अपाय करण्याच्या हेतूनें लिहिलेला प्रोग्राम, तिची मोडतोड करतो. क्वचित् तर रखवालदाराकडूनच चोरी होते. ता. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकॅफी या कंपनीच्या व्हायरसविरोधी प्रोग्रामाची जी नवी सुधारणा प्रसृत झाली तिच्यांत एक दोष होता. विंडोज एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमधील एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक सिस्टिम फाइल तिला व्हायरस वाटली आणि तिनें ती उचलून बंदिवासांत टाकली. परिणामीं अनेक देशांतील कचेऱ्यांमधले संगणक पुनःपुन्हां बंद होऊन सुरू होऊं लागले. कुंपणानेंच शेत खाल्लें म्हणतात, त्याचा हा शब्दशः प्रकार. त्यावर उपाय झाला तो ती फाइल बंदिवासांतून सोडविण्याचा किंवा तिची निर्दोष प्रत पूर्वस्थळीं ठेवण्याचा.

याहूनहि विलक्षण उदाहरणें मनुष्यस्वभावाचीं आहेत. सन २००१ मध्यें ई-मेलद्वारां एक पत्र जगभर फिरूं लागलें. संगणकांत एसयूएलएफएनबीके नांवाची फाइल आढळल्यास ती व्हायरस समजून तत्काल पुसावी व ही सूचना सर्व परिचितांस कळवावी, असा त्याचा मजकूर होता. लोकांनीं शोध केला, फाइल सांपडली, आणि त्यांनीं ती भयानें पुसली. प्रत्यक्षांत ती विंडोज ९८ मधील निरुपद्रवी सिस्टिम फाइल होती; फाइलींचीं लांब नांवें जपून ठेवून पुन्हां पूर्ववत् करणें एवढेंच तिचें काम. अर्थात् ती सर्वांकडे सांपडणारच होती. पुढच्याच वर्षीं, सन २००२ मध्यें, जेडीबीजीएमजीआर या दुसऱ्या फाइलीविषयीं तसेंच पत्र फिरलें. हिचें चित्र अस्वलाच्या खेळण्याचें असल्यानें लोकांचा संशय अधिकच बळावला. जावा भाषेंत प्रोग्राम लिहिणाऱ्या थोड्या लोकांखेरीज या फाइलीवांचून कोणाचें अडत नव्हतें, ही त्यांतल्या त्यांत सुदैवाची गोष्ट. या पत्रांत व्हायरस नव्हताच. त्याचें काम भाबड्या परोपकारबुद्धीनें पार पाडलें.

फाइल हरवल्याचा निरोप आला म्हणजे ती खरोखर हरवली आहे काय, हें आधीं पाहावें. विंडोज एक्सपीच्या काळांत एनटीएलडीआर ही फाइल सांपडत नाहीं, असा काळ्या पडद्यावरील निरोप अनेक घरांच्या परिचयाचा होता. ही सुमारे २५० किलोबाइटची लहानशी फाइल प्रणाली सुरू करण्याच्या कामीं लागे. निरोप वाचून लोकांचें धाबें दणाणे. पण कित्येकदां कारण एवढेंच असे, कीं रात्रीं वापरलेली फ्लॉपी तशीच खोबणींत राहिलेली असे. यंत्र डिस्कऐवजीं फ्लॉपीवर ती फाइल शोधी, आणि तेथें ती नसल्यानें तक्रार करी. फ्लॉपी बाहेर काढून यंत्र पुन्हां सुरू केलें कीं संकट टळे. फ्लॉपीचे दिवस गेले, विंडोज व्हिस्टापासून एनटीएलडीआरची जागा बूटमॅनेजर या फाइलीनें घेतली, आणि एक्सपीची सुधारणासेवाहि ता. ८ एप्रिल २०१४ रोजीं संपली. तरी त्यांतील धडा जुना झालेला नाहीं. आजहि यंत्राला लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हमुळें असा घोटाळा होऊं शकतो. म्हणून सर्व बाह्य उपकरणें काढून यंत्र एकवार पुन्हां सुरू करून पाहावें, हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय.

दुसरें असें, कीं हरवलेली म्हणून सांगितलेली प्रत्येक फाइल सिस्टिम फाइल नसते. विंडोज नीट उघडत असेल आणि एकच प्रोग्राम चालू करतांना तक्रार येत असेल, तर ती फाइल त्या प्रोग्रामाच्या सामग्रीपैकीं असण्याचा संभव अधिक. व्हीसीरनटाइम१४० या डीएलएलची तक्रार हें याचें नेहमींचें उदाहरण. ही फाइल विंडोजच्या मूळ फाइलींपैकीं नव्हे. व्हिज्युअल सी प्लस प्लस या साधनानें लिहिलेल्या प्रोग्रामांना लागणारा एक जोडसंच मायक्रोसॉफ्ट विनामूल्य देते, त्यांतील ती एक होय. ती एकटी आणून कोठें तरी टाकण्यापेक्षां तो संपूर्ण संच कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेऊन भरावा, किंवा तक्रार करणारा प्रोग्रामच काढून पुन्हां बसवावा. तेवढ्यानें काम भागतें.

एवढें करूनहि फाइल खरोखर हरवलेली ठरली, तर दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीं घरचे कागद सुरक्षित करावे. विंडोज उघडत असेल तर छायाचित्रें, पत्रें व हिशेब यांची प्रत बाह्य डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी. उघडत नसेल तरीहि निराश होण्याचें कारण नाहीं. प्रणालीची फाइल हरवली म्हणून घरच्या फाइली हरवत नाहींत. दाराची किल्ली सांपडेनाशी झाली तरी घरांतील सामान जागच्या जागींच असतें. लिनक्ससारखी दुसरी प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू करून डिस्कवरील फाइली पाहतां येतात व उतरून घेतां येतात. किंवा जाणत्या कारागिराकडून डिस्क काढवून ती दुसऱ्या संगणकाला जोडतां येते. येथें एक सावधगिरी मात्र अवश्य आहे. अलीकडील अनेक यंत्रांत डिस्कवरील मजकूर कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक लिपींत ठेवलेला असतो, आणि ही व्यवस्था पुष्कळदां मालकाच्या नकळत आपोआप सुरू झालेली असते. तें कुलूप उघडण्यासाठीं ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा यंत्र प्रथम सुरू करतांना वापरलेल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत नोंदलेली असते आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून पाहतां येते. ती हातीं असल्याशिवाय मोठी दुरुस्ती आरंभूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावयाचें. हरवलेली फाइल आणावयाची कोठून? एखाद्या हस्तलिखित पोथीचें बाविसावें पान गहाळ झालें, तर त्याच नांवाच्या दुसऱ्या कोणत्याहि पोथींतून बाविसावें पान काढून जोडतां येत नाहीं. दुसऱ्या पोथीचा पाठ निराळा असतो, लेखकानें पानावर घेतलेल्या ओळी कमी-अधिक असतात, आणि एकविसाव्या पानाचें शेवटचें वाक्य बाविसाव्याच्या पहिल्या शब्दाशीं जुळत नाहीं. सिस्टिम फाइलींचें असेंच आहे. एकाच नांवाची फाइल विंडोजच्या प्रत्येक आवृत्तींत आणि त्या आवृत्तीच्या प्रत्येक सुधारणेंत निराळी असूं शकते. शिवाय ६४ बिटांच्या विंडोजमध्यें एकाच नांवाच्या दोन जाती शेजारीं शेजारीं नांदतात. त्यांतहि गंमत अशी, कीं ६४ बिटांच्या फाइली सिस्टिम३२ या फोल्डरांत असतात आणि ३२ बिटांच्या सिसवॉव६४ या फोल्डरांत. नांव पाहून जागा ठरविणारा मनुष्य येथें हटकून फसतो.

पाठभेदाहून मोठा धोका खोट्या प्रतीचा. कोणत्याहि डीएलएलचें नांव शोधलें असतां ती फुकट देऊं करणारीं पुष्कळ स्थळें समोर येतात. तेथें मिळणारी फाइल कोणीं ठेवली, ती कोणत्या आवृत्तींतील आहे, तिच्यांत कोणीं भर घातली आहे काय, हें सामान्य गृहस्थास कळण्याचा मार्ग नसतो. जुन्या राजपत्रांच्या शेवटीं मोर्तब उमटवीत, तें अशासाठीं कीं त्यापुढें कोणी मजकूर वाढवूं नये. विंडोजच्या फाइलींनाहि असें शिक्कामोर्तब असतें. प्रत्येक फाइलींतील सर्व मजकुराचें गणित करून एक लांबलचक संख्या काढतात. मजकुरांत एका अक्षराचा फरक पडला तरी ती संख्या बदलते. म्हणून तिला त्या फाइलीचा ठसा म्हणावयास हरकत नाहीं. या ठशांच्या यादीवर कंपनीची सांकेतिक सही असते. बाहेरून आणलेली फाइल नांवानें तीच असली, तरी ठशानें ती तीच आहे कीं नाहीं, हें प्रणाली ताडून पाहूं शकते. म्हणून प्रत आणण्याचें काम प्रणालीकडेच सोंपविणें शहाणपणाचें आहे.

ही सोय एका दिवसांत झाली नाहीं. सन १९९८ मध्यें आलेल्या विंडोज ९८ मध्यें सिस्टिम फाइल चेकर नांवाचें साधन होतें. हरवलेल्या फाइलीचें नांव दिलें कीं तें मूळ सीडीवरील गठ्ठ्यांतून तेवढी एकच फाइल सोडवून आणी. वर सांगितलेल्या पत्रामुळें जे लोक फसले त्यांना याच साधनाचा आधार मिळाला. सन २००० मधील विंडोज २००० मध्यें त्यापुढें पाऊल पडलें. महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती डीएलएलकॅश या निराळ्या फोल्डरांत ठेवल्या जाऊं लागल्या आणि मूळ फाइल कोणीं पुसल्यास प्रणाली गाजावाजा न करतां तेथून नवी प्रत जागेवर ठेवूं लागली. घरगुती ग्राहकांसाठीं सन २००७ मध्यें आलेल्या विंडोज व्हिस्टापासून धोरण पुन्हां बदललें. या फाइलींना हात लावण्याचा अधिकार यंत्राच्या मालकालाहि सहजासहजीं राहिला नाहीं. तो ट्रस्टेडइन्स्टॉलर नांवाच्या, प्रणालींतीलच एका विश्वस्ताकडे गेला. निर्दोष फाइलींचें कोठार म्हणून विनएसएक्सएस हा फोल्डर ठेवण्यांत आला. त्याचा मोठा आकार पाहून जागा वांचविण्यासाठीं कित्येक जण तो पुसावयास निघतात. परंतु तसें करणें म्हणजे पेरणीसाठीं राखलेलें बियाणें दळून खाणें होय.

प्रत्यक्ष कृति अशी आहे. विंडोज उघडत असेल तर आरंभसूचींत रोमन अक्षरांनीं सीएमडी असें लिहावें, आणि जो काळा आज्ञापट दिसेल तो व्यवस्थापकाच्या अधिकारानें उघडण्याचा पर्याय निवडावा. येथें दोन आज्ञा द्यावयाच्या असतात. विंडोज ८ पासूनच्या आवृत्तींत पहिली आज्ञा कोठार तपासण्याची. डीआयएसएम, ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ हे तिचे चार भाग. पहिल्यानंतरच्या प्रत्येक भागापूर्वीं एक जागा सोडून तिरपी रेघ द्यावी. ही आज्ञा कोठारांतील बिघडलेल्या फाइली कंपनीच्या सुधारणाकेंद्रांतून नव्यानें आणवते. तेव्हां इंटरनेट चालू हवें. दुसरी आज्ञा एसएफसी, मग एक जागा, तिरपी रेघ आणि तिला जोडून स्कॅननाऊ. ही प्रत्येक संरक्षित फाइल ठशाशीं ताडून पाहते आणि जी नाहीं किंवा बिघडली आहे तिची प्रत कोठारांतून काढून जागेवर ठेवते. क्रम असा ठेवण्याचें कारण उघड आहे. कोठारांतील धान्यालाच कीड लागली असेल, तर तेथून आणून चूल पेटविण्यांत अर्थ नाहीं. दोन्हीं कामांना वेळ लागतो. आंकडा मध्येंच थांबल्यासारखा दिसतो. तरी तो १०० टक्क्यांवर पोंचेपर्यंत आज्ञापट बंद करूं नये, आणि लॅपटॉप असल्यास तो विजेला जोडून ठेवावा.

शेवटीं यंत्र आपला निकाल सांगतें. कांहींच दोष आढळला नाहीं, असें त्यानें म्हटल्यास कारण अन्यत्र शोधावें. दोष आढळले व दुरुस्त झाले, असें म्हटल्यास यंत्र एकवार बंद करून सुरू करावें. दोष आढळले पण कांहीं दुरुस्त करतां आले नाहींत, असा निकाल आल्यास पहिली आज्ञा पुन्हां देऊन मग दुसरी द्यावी. सविस्तर वृत्तांत सीबीएस या नांवाच्या नोंदवहींत लिहिलेला असतो. कारागिराला बोलवावें लागलेंच, तर ती नोंदवही त्याला उपयोगी पडते.

विंडोज मुळींच उघडत नसेल तर लागोपाठ दोन-तीन वेळां आरंभ फसल्यावर यंत्र आपण होऊन दुरुस्तीची निळी सूची दाखवितें. तेथें आरंभाची दुरुस्ती हा पर्याय प्रथम निवडावा. ही सूचीहि दिसली नाहीं, तर दुसऱ्या चांगल्या संगणकावर, निदान ८ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर, विंडोज बसविण्याचें साधन तयार करून घ्यावें. तें बनविण्याचा प्रोग्राम कंपनी विनामूल्य देते. त्यावरून यंत्र सुरू करून आज्ञापट उघडतां येतो आणि तेथूनहि एसएफसीची आज्ञा देतां येते. मात्र तेथें विंडोज कोणत्या ड्राइव्हवर आहे, तें ऑफबूटडिर व ऑफविनडिर या दोन जोडशब्दांनीं स्पष्ट सांगावें लागतें. येथें नजर तीक्ष्ण हवी. एरवीं सी म्हणून ओळखला जाणारा ड्राइव्ह या ठिकाणीं डी किंवा ई या अक्षरानें दिसूं शकतो. म्हणून डीआयआर ही आज्ञा देऊन विंडोज नांवाचा फोल्डर कोठें आहे, तें आधीं डोळ्यांनीं पाहावें.

याहि उपायांनीं गुण आला नाहीं, तर मोठ्या उपायांकडे वळावें. पण तेथेंहि पायऱ्या आहेत. विंडोज उघडत असेल तर बसविण्याचें साधन चालू विंडोजमधूनच सुरू करावें आणि फाइली व प्रोग्राम ठेवण्याचा पर्याय निवडावा. सर्व सिस्टिम फाइली नव्या होतात आणि घरचें सामान हलत नाहीं. त्याखालची पायरी यंत्र पूर्वस्थितीला नेण्याची. येथें दोन पर्याय समोर येतात, स्वतःच्या फाइली ठेवाव्या किंवा सर्व कांहीं काढून टाकावें. पहिल्यानें बाहेरून आणलेले प्रोग्राम जातात, पण कागदपत्र राहतात. दुसऱ्यानें सर्वच जातें. घाईंत या दोन ओळींपैकीं चुकीच्या ओळीवर बोट पडलें, म्हणजे एका फाइलीसाठीं घर रिकामें होतें. डिस्क पुसून सर्व नव्यानें भरणें ही अगदीं शेवटची पायरी. ती वाईट नव्हे, परंतु घरचे कागद दुसरीकडे सुखरूप असल्याची खात्री प्रत्यक्ष उघडून केल्यावांचून ती चढूं नये.

एक अपवाद मात्र कटाक्षानें पाळावा. डिस्कमधून कटकट असा आवाज येत असेल, फाइली उघडण्यास विलक्षण विलंब लागत असेल, किंवा दुरुस्त झालेली फाइल दोन दिवसांनीं पुन्हां हरवत असेल, तर रोग फाइलीचा नसून डिस्कचा आहे असें समजावें. अशा डिस्कवर तपासणीच्या आज्ञा वारंवार चालविणें म्हणजे मोडक्या पायाच्या माणसाला चालावयास लावून त्याची परीक्षा घेणें होय. तिच्यावर कांहींहि नवें न लिहितां आधीं कागद काढून घ्यावे, मग डिस्कच बदलावी.

तसेंच, संगणकांत दोष असल्याचें फोन करून सांगणाऱ्या आणि दुरून यंत्राचा ताबा मागणाऱ्या अनोळखी माणसाला नकार द्यावा. मायक्रोसॉफ्ट कोणाच्याहि घरीं आपण होऊन असा फोन करीत नाहीं. फाइली पुसावयास सांगणारें पत्र जसें सन २००१ मध्यें आलें, तसें आज तें फोनवरील निरोपांतून येतें. तें पुढें धाडण्यापूर्वीं खरेंखोटें पाहावें.

राहतां राहिली पूर्वतयारी. ती थोडीच आहे, पण यंत्र बिघडल्यानंतर ती करतां येत नाहीं. विंडोज बसविण्याचा एक पेनड्राइव्ह यंत्र चांगलें असतांनाच करून ठेवावा. ती ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून, जेथें घराचीं खरेदीखतें असतात तेथें ठेवावी. आणि घरच्या फाइलींच्या एकंदर तीन प्रती असाव्या, त्या निदान दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, व त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. बाहेरची प्रत दुसऱ्या गांवच्या भावाबहिणीकडे ठेवलेली डिस्क असेल, किंवा इंटरनेटवरील भाड्याची जागा असेल. महिन्यांतून एकदां, वीजबिल भरण्याच्या दिवशीं म्हटलें तरी चालेल, बाह्य डिस्क जोडून नव्या फाइली उतरून घ्याव्या आणि डिस्क लगेच काढून ठेवावी. सतत जोडलेल्या डिस्कवर व्हायरसचाहि हात पोंचतो. एवढी व्यवस्था ज्या घरीं आहे तेथें सकाळीं काळ्या पडद्यावर कोणतीहि ओळ उमटली, तरी त्या घरचा एक तास मोडेल, ठेव जाणार नाहीं.